पद्मिनीचे नवे मिस्त्री

मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा प्रवास ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २००३ साली झाली होती आणि टॅक्सीला मुदत वीस वर्षांची. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत, आणि त्यांच्याखाली पाठीवर झोपून काम करणारी काही पोरं तर कुर्ल्याच्या कारखान्यानं ही गाडी बनवणं थांबवल्यानंतर जन्मलेली!

हे वेड कशाचं, असं मी एकाला विचारलं. तो म्हणाला, "चाचा, ही गाडी उघडली की कळते. नवीचं बॉनेट उघडलं तर नुसतं प्लास्टिकचं झाकण दिसतं."

खरं आहे. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन. पेट्रोल आणि हवा मिसळायला कार्ब्युरेटर, ठिणगीची वेळ सांभाळायला डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट. पॉइंट म्हणजे उघडझाप करणारी दोन टोकं. ती उघडली की प्लगमध्ये ठिणगी पडते. टोकं झिजली की फट बदलते, ठिणगीची वेळ चुकते आणि गाडी अडखळते. मग फीलर गेजच्या पातळ पोलादी पट्टीनं फट मोजायची, स्क्रू ढिला करून ती नीट करायची. संगणक कुठेच लागत नाही.

खरी डोकेदुखी पत्र्याची. मुंबईची खारी हवा आणि पावसाळा गाडीला खालून खातो. दारांच्या खालच्या कडा आणि पायाखालची जमीन आधी जाते. विकणारे सडक्या जागी पुट्टी भरून वर झकास रंग मारतात. म्हणून ही पोरं खिशात लोहचुंबक ठेवतात. लोखंडाला तो चिकटतो, पुट्टीला चिकटत नाही. सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, हाच खरा उपाय; पण त्याला महिने लागतात आणि पैसाही.

काहीजण कंटाळून नव्या गाडीचं इंजिन बसवतात. जुन्या वृत्तात नवे शब्द आम्ही कवी खुशाल घालतो, पण हे मला पटत नाही. कायद्यालाही पटत नाही. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण चॅसी, सांगाडा, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसला तरच. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये ठेवलं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. 'पद्मिनी' हे नाव १९७४च्या सुमाराचं, म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्या आत्ता कुठे त्यात बसू लागल्या.

जुने मिस्त्री कार्ब्युरेटर कानानं लावतात. स्क्रू थोडा फिरवायचा, ऐकायचं, पुन्हा फिरवायचा. कुठल्या पुस्तकात हा आवाज सापडायचा नाही, आणि हे मिस्त्री आता सत्तरीला आले. मघाचा तो मुलगा मोबाइलवर आवाज टिपून ठेवतो. उस्ताद त्याला हसतात, पण मध्येच रस्त्यावरचा हॉर्न आला, तर पुन्हा टिपायला लावतात.