दहा लाख सह्या आणि दोन तक्रारी : ‘टॉप गिअर’, क्लार्कसन आणि प्रेक्षकांचे मत

२० मार्च २०१५ रोजी लंडनमध्ये बीबीसीच्या मुख्यालयासमोर रणगाड्यासारखे दिसणारे एक लष्करी वाहन येऊन थांबले. पांढरा पोशाख आणि पांढरे शिरस्त्राण घातलेला एक इसम त्यावर स्वार होता आणि त्याने आणलेल्या अर्जावर सुमारे दहा लाख लोकांच्या सह्या होत्या. ‘टॉप गिअर’ या मोटारविषयक कार्यक्रमाचे सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसन यांचे निलंबन मागे घ्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. पाच दिवसांनी बीबीसीचे महासंचालक टोनी हॉल यांनी क्लार्कसन यांच्या कराराचे नूतनीकरण होणार नसल्याचे जाहीर केले.

दूरचित्रवाणीच्या इतिहासात एखाद्या सूत्रसंचालकासाठी एवढ्या मोठ्या संख्येने प्रेक्षक पुढे आल्याची उदाहरणे थोडी आहेत. त्यांचे म्हणणे इतक्या ठामपणे बाजूला ठेवले गेल्याची उदाहरणे तर त्याहून थोडी. त्यामुळे प्रेक्षकांच्या मताला नेमके मोल किती आणि ते मोजायचे कसे, हा प्रश्न या प्रकरणाच्या निमित्ताने पुढे आला. त्याचे उत्तर समजून घेण्यासाठी प्रथम हा कार्यक्रम होता तरी काय, हे पाहावे लागते.

‘टॉप गिअर’ १९७७ मध्ये बर्मिंगहॅम येथून प्रादेशिक कार्यक्रम म्हणून सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवरून देशभर दिसू लागला. नवी मोटार कशी चालते, किती इंधन पिते, रस्त्यावर कोणती काळजी घ्यावी, असे त्याचे सरळसाधे स्वरूप होते. क्लार्कसन १९८८ मध्ये त्यात दाखल झाले आणि भाषा बदलली. मोटार वाईट असेल तर ती वाईट आहे असे ते सांगत. नुसती कंटाळवाणी असेल तर अधिकच कठोर होत. व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हेक्ट्रा या मोटारीविषयी बोलण्यासारखे काहीच नाही, असे त्यांनी नव्वदच्या दशकात पडद्यावर दाखवून दिले. ते कंपनीला चांगलेच झोंबले. उत्पादकांची मर्जी न राखणारा परीक्षक म्हणून प्रेक्षकांत त्यांचे नाव झाले ते येथून. त्यांच्या टीकाकारांनाही हा गुण नाकारता आलेला नाही.

१९९९ मध्ये क्लार्कसन बाहेर पडले, कार्यक्रमाची लोकप्रियता ओसरली आणि २००१ मध्ये तो बंद झाला. क्लार्कसन आणि निर्माते अँडी विल्मन यांनी २००२ मध्ये त्याला नवे रूप दिले. सरे परगण्यातील डन्सफोल्ड धावपट्टीवर चित्रीकरण होऊ लागले. रिचर्ड हॅमंड सुरुवातीपासून आणि जेम्स मे दुसऱ्या मालिकेपासून सोबतीला आले. चेहरा कधीही न दाखवणारा, पांढऱ्या पोशाखातला ‘स्टिग’ हा चालक प्रत्येक मोटार धावपट्टीवर पळवू लागला. अर्जासोबत आलेल्या इसमाचा वेश त्याचाच होता.

नव्या कार्यक्रमात मोटारीची माहिती कमी आणि तीन मध्यमवयीन गृहस्थांची फजिती जास्त होती. टोयोटाचा एक जुना हायलक्स ट्रक त्यांनी समुद्राच्या भरतीत बुडवला, त्याला आग लावली, शेवटी पाडल्या जाणाऱ्या उंच इमारतीच्या छतावर नेऊन ठेवला; एवढे होऊनही ट्रक सुरू झाला. मोटारीच्या टिकाऊपणाची ती परीक्षा होती की निव्वळ पोरकटपणा? अनेक प्रेक्षकांना ती दोन्ही वाटली आणि म्हणूनच आवडली. गिनीज बुकाच्या २०१३ च्या आवृत्तीत जगात सर्वाधिक पाहिला जाणारा वास्तवाधारित कार्यक्रम म्हणून ‘टॉप गिअर’ची नोंद झाली. २०० हून अधिक देश-प्रदेशांत तो दिसत होता आणि प्रेक्षकसंख्येचा अंदाज सुमारे ३५ कोटींचा होता.

‘वास्तवाधारित’ या शब्दापाशी मात्र थांबावे लागते, कारण प्रेक्षकांतील बहुतेक भांडण तेथूनच सुरू होते. चाहत्यांच्या लेखी हा विनोदी कार्यक्रम होता आणि क्लार्कसन हे त्यातले एक पात्र. ते जे बोलत ते शब्दशः घ्यायचेच नव्हते. टीकाकारांच्या लेखी मात्र ही सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेची निर्मिती होती आणि तिच्या व्यासपीठावरून एक प्रभावी माणूस वेगमर्यादा, पर्यावरण आणि परदेशी लोक यांची टिंगल करत होता. दोन्ही बाजू एकच दृश्य पाहत होत्या, पण आपण कोणत्या प्रकारचा कार्यक्रम पाहत आहोत याविषयीच त्यांचे एकमत नव्हते.

सार्वजनिक पैशाचा मुद्दा भारतीय वाचकांनी नीट लक्षात घ्यावा असा आहे. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी पाहणाऱ्या कुटुंबाला दरवर्षी परवानाशुल्क भरावे लागते. २०१५ मध्ये ते १४५.५० पौंड होते आणि बीबीसीचा कारभार मुख्यतः त्यावर चालतो. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकापर्यंत रेडिओ आणि दूरचित्रवाणीसाठी टपाल कार्यालयात जाऊन परवाना घ्यावा लागे, हे जुन्या पिढीला आठवत असेल. शुल्क सर्वांनी भरायचे असल्यामुळे, न आवडणारा कार्यक्रम बंद करून गप्प बसा, हा युक्तिवाद बीबीसीच्या बाबतीत पुरेसा ठरत नाही. न पाहणाराही तेथे पैसे देणारा असतो. दुसरीकडे, परदेशांतील विक्रीतून बीबीसीला मोठे उत्पन्न मिळवून देणाऱ्या मोजक्या कार्यक्रमांत ‘टॉप गिअर’ होता. चाहते हाच हिशेब पुढे करत.

तक्रारींचे निवारण कसे होते, हेही समजून घेण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये ‘ऑफकॉम’ ही नियामक संस्था प्रसारणसंहितेच्या आधारे तक्रारी तपासते. तक्रारी किती आल्या याला तेथे निर्णायक महत्त्व नसते. संहितेचा भंग झाला की नाही, एवढेच पाहिले जाते. नोव्हेंबर २००८ मध्ये क्लार्कसन यांनी ट्रकचालक आणि वेश्यांच्या हत्या यांची सांगड घालणारा विनोद केला. शेकडो प्रेक्षकांनी तक्रार केली, पण भंग झाल्याचा निष्कर्ष निघाला नाही. २०११ च्या आरंभी मेक्सिकोच्या लोकांना आळशी ठरवणारी शेरेबाजी झाली. तेथील राजदूतांनी निषेध नोंदवला, बीबीसीने त्यांची माफी मागितली, दीडशेहून अधिक तक्रारी आल्या. ऑफकॉमने तरीही कार्यक्रमाला दोषी धरले नाही. २०१४ मध्ये ब्रह्मदेशातील विशेष भाग प्रसारित झाला. त्यात पुलावर उभ्या असलेल्या एका आशियाई व्यक्तीला उद्देशून द्व्यर्थी वांशिक शब्द वापरला गेला होता. या वेळी ऑफकॉमकडे तक्रारी आल्या अवघ्या दोन आणि संहितेचा भंग झाल्याचा निर्णय लागला.

न्यायालयातही प्रश्न प्रेक्षकाचाच होता. २००८ मध्ये कार्यक्रमाने टेस्लाच्या रोडस्टर या विजेवर चालणाऱ्या मोटारीची चाचणी दाखवली आणि आपल्या धावपट्टीवर ती सुमारे ५५ मैलांत गळाठेल असे सांगितले. कंपनीने २०११ मध्ये दावा दाखल केला. धावपट्टीवर मोटार बेफाम पळवणे आणि घरापासून कचेरीपर्यंत नेणे यांतला फरक कोणताही समंजस प्रेक्षक जाणतो, त्यामुळे कंपनीची बदनामी झाली असे म्हणता येत नाही, अशा आशयाचा निकाल लागला. २०१३ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. म्हणजे प्रेक्षक भोळा नाही, असे न्यायालयाने मानले. तरीही विजेच्या मोटारींविषयी पहिला ग्रह अशा एखाद्या दृश्यातून होऊ शकतो, ही टीकाकारांची चिंता निकालाने मिटली नाही.

भारताचा या वादाशी थेट संबंध आला तो २८ डिसेंबर २०११ रोजी प्रसारित झालेल्या विशेष भागामुळे. ब्रिटनसाठी व्यापार वाढवायचा, असे निमित्त करून तिघे जुन्या ब्रिटिश मोटारी घेऊन मुंबईत आले. येथे त्यांनी डबेवाल्यांशी स्पर्धा करून पाहिली. लोकलगाडीच्या भरवशावर चालणाऱ्या त्या व्यवस्थेपुढे मोटारींची जी गत व्हायची ती झाली आणि मुंबईकर प्रेक्षकाला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. पुढे जयपूर, दिल्ली आणि सिमला करत ते हिमालयात पोहोचले. वाद झाला तो इतर दृश्यांवरून. भारतात येणाऱ्याचे पोट बिघडतेच, असे सांगत क्लार्कसन यांनी आपल्या जॅग्वारच्या मागे शौचकूप बसवून घेतला होता. रेल्वेच्या डब्यांवर लावलेले जाहिरातीचे फलक डबे सुटताच फाटले आणि उरलेल्या अक्षरांतून अश्लील शब्द तयार झाले.

लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयाने जानेवारी २०१२ मध्ये बीबीसीला पत्र लिहून नाराजी कळवली. ज्या स्वरूपाचा कार्यक्रम करणार असे सांगून सहकार्य घेतले गेले, त्या समजुतीचा भंग झाला, असा पत्राचा आशय होता. निर्मात्यांची बाजू अशी की भारताचे सौंदर्य आणि गरिबी दोन्ही दाखवली. एखादा देश आहे तसा दाखवणे आणि त्याचा अपमान करणे यात अंतर आहे. या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो शौचकुपाला लागू पडत नाही. तो देशात आढळलेला नव्हता, तर सोबत आणलेला होता. आणखी एक विसंगती अशी की, ज्या जॅग्वारच्या पाठीवर तो बसवला होता, ती कंपनी २००८ पासून टाटा समूहाच्या मालकीची होती. ब्रिटनचा माल भारताला विकण्याची नक्कल करणाऱ्या कार्यक्रमात हा विनोद कदाचित सर्वांत चांगला ठरला असता.

चाहत्यांमध्येही सरसकट पाठराखण नव्हती. मेक्सिको प्रकरणानंतर विनोदी अभिनेते स्टीव्ह कूगन यांनी वृत्तपत्रात लेख लिहून कार्यक्रमाला खडसावले. ते स्वतः या कार्यक्रमात पाहुणे म्हणून येऊन गेलेले आणि त्याचे प्रेक्षक होते. सामर्थ्यवानांची खिल्ली उडवणे वेगळे आणि ठरीव साच्यातल्या कल्पनांवर हशा मिळवणे वेगळे, असा त्यांचा रोख होता. उलट टोकाला प्रेक्षकांच्या आपुलकीचे उदाहरणही आहे. सप्टेंबर २००६ मध्ये जेट इंजिनाच्या मोटारीचा ताशी सुमारे ४६० किलोमीटर वेगात अपघात होऊन हॅमंड गंभीर जखमी झाले. त्यांना रुग्णालयात नेणाऱ्या यॉर्कशायरच्या हवाई रुग्णवाहिका संस्थेला चाहत्यांनी दीड लाख पौंडांहून अधिक देणग्या दिल्या.

आता पुन्हा मार्च २०१५ कडे. ४ मार्च रोजी उत्तर यॉर्कशायरमधील एका हॉटेलात, चित्रीकरणानंतर गरम जेवण मिळाले नाही या कारणावरून क्लार्कसन यांनी एका कनिष्ठ निर्मात्याला शिवीगाळ केली आणि त्यांच्यावर हात उगारला. अंतर्गत चौकशीत हा शारीरिक हल्ला सुमारे ३० सेकंद चालल्याचे नमूद झाले. निर्मात्यांना उपचार घ्यावे लागले. त्यांनी स्वतः तक्रारही केली नव्हती. घटनेची माहिती क्लार्कसन यांनीच वरिष्ठांना दिली.

सह्या करणाऱ्या दहा लाख लोकांपैकी बहुतेकांना या तपशिलाची कल्पना नव्हती, कारण चौकशीचा अहवाल नंतर आला. त्यांनी मत दिले होते ते पडद्यावरील माणसाविषयी. बीबीसीसमोर प्रश्न होता तो कामाच्या ठिकाणी सहकाऱ्याला झालेल्या मारहाणीचा. वर्षानुवर्षे गाजलेल्या वक्तव्यांवरून जे घडले नाही, ते अखेर सेवाशर्तींच्या साध्या नियमावरून घडले. या काळात समाजमाध्यमांवर त्या निर्मात्यालाच लक्ष्य करून धमक्या आणि शिव्या देण्यात आल्या. त्यांचा काहीही दोष नाही, त्यांना त्रास देऊ नका, असे आवाहन खुद्द क्लार्कसन यांना करावे लागले. २०१६ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली आणि भरपाई देऊन दावा मिटवण्यात आला.

प्रेक्षकांनी आपले मत नंतर दुसऱ्या मार्गाने नोंदवले. २०१६ मध्ये ख्रिस एव्हान्स यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘टॉप गिअर’ परतला तेव्हा पहिल्या भागाला सुमारे ४४ लाख प्रेक्षक होते. मालिकेच्या शेवटच्या भागापर्यंत ते सुमारे १९ लाखांवर आले आणि एव्हान्स यांनी राजीनामा दिला. पुढील चमूने कार्यक्रम काहीसा सावरला, पण डिसेंबर २०२२ मध्ये चित्रीकरणादरम्यान माजी क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ यांना गंभीर अपघात झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने कार्यक्रम अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे सांगितले.

दरम्यान क्लार्कसन, हॅमंड आणि मे यांनी ॲमेझॉनवर ‘द ग्रँड टूर’ सुरू केला होता. तेथे परवानाशुल्क नाही. हवे त्यानेच पैसे द्यायचे. वृत्तपत्रीय स्तंभात मात्र क्लार्कसन यांची जीभ तशीच राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये मेगन मर्कल यांच्याविषयीच्या लेखावर वृत्तपत्रांच्या स्वनियमन संस्थेकडे २५ हजारांहून अधिक तक्रारी आल्या आणि तो लेख स्त्रियांविषयी भेदभाव करणारा असल्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला.

गंमत अशी की याच काळात त्यांना नवे प्रेक्षक लाभले. २०२१ पासून सुरू झालेल्या ‘क्लार्कसन्स फार्म’ या मालिकेत ते ऑक्सफर्डशायरमधील आपली शेती स्वतः करताना दिसतात. ट्रॅक्टर नको तेवढा मोठा, पेरणी चुकीची, पाऊस अवेळी आणि हाताखालचा तरुण मदतनीस सतत धारेवर धरणारा! पहिल्या वर्षाच्या अखेरीस हिशेब मांडला तेव्हा नफा निघाला १४४ पौंड. पिकाचा भाव आणि हवामान यांच्यापुढे हतबल होणारा हा माणूस, ज्यांनी ‘टॉप गिअर’ कधी पाहिला नाही अशांनाही आपला वाटला. ब्रिटनमधील शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याच वर्षी त्यांचा गौरव केला.

‘द ग्रँड टूर’चा अखेरचा प्रवास सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसारित झाला. झिंबाब्वेतून निघालेले तिघे बोट्सवानातील मिठाच्या वाळवंटात येऊन थांबले. २००७ मध्ये ‘टॉप गिअर’साठी ते त्याच प्रदेशात जुन्या मोटारी घेऊन आले होते.