आंबिलीतले जिवाणू आणि मूठभर हॉप

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आदल्या दिवशी उदगीर, निलंगा, औसा या भागात घरोघर आंबिलीची तयारी चाललेली असते. घरागणिक रीत थोडी बदलते, पण मूळ काम तेच. ज्वारीचं पीठ आंबट ताकात कालवायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी ते शिजवायचं, जिरं-मीठ लावायचं, बिंदग्यात भरून शेतावर न्यायचं. लसूण मात्र कधी घालावा, हे जाणत्या बाईला विचारावं. पिठाबरोबर रटरट शिजला तर त्याचा उग्रपणा मावळतो. उतरवल्यावर ठेचून घातला तर पहिल्याच घोटाला नाकात चढतो. लसूण तोच, भांडं तेच. फरक पडतो तो घालायच्या वेळेमुळे.

बिअरमध्ये हॉपच्या फुलांचं हेच होतं, आणि त्यामागची रसायनशास्त्राची करामत पाहिली की थक्क व्हायला होतं.

आधी आंबिलीच्या त्या रात्रीत काय घडतं ते पाहू. ताकातले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू पिठातली साखर खातात आणि आम्ल बाहेर टाकतात. त्या आंबटपणात इतर बहुतेक जिवाणूंना टिकता येत नाही, म्हणून आंबील नासत नाही. बिअरही धान्याचीच. मोड आणलेल्या जवातली साखर पाण्यात उतरवायची आणि यीस्टकडून आंबवून घ्यायची. पण तिथं हेच लॅक्टिक जिवाणू नको असतात. ते शिरले की पिंप आंबट होतं, फेकून द्यावं लागतं. त्यांना दाराबाहेर ठेवतं ते हॉपचं फूल.

हॉप हा गांजाच्या कुळातला वेल. लांबलचक दिवसांचा उन्हाळा आणि कडक हिवाळा त्याला लागतो, त्यामुळे आपल्याकडे त्याचा निभाव लागणं अवघड. भारतात तो हिमाचलातल्या लाहौलमध्ये पिकतो. मादी वेलाचं हिरवं, पाकळ्यांवर पाकळ्या चढलेलं फूल मधोमध चिरलं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी धमक पूड दिसते. बोटाला चिकटते आणि वास तासभर जात नाही. या पुडीचं नाव ल्युप्युलिन. कडू आम्लं आणि सुगंधी तेलं दोन्ही तिच्यातच असतात. बाराव्या शतकात हिल्डेगार्ड या जर्मन साध्वीनं लिहून ठेवलं होतं की हॉपच्या कडवटपणानं पेय लवकर बिघडत नाही. ते का, हे कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

कारण असं. लॅक्टिक जिवाणू आपल्या पेशीच्या आतली आम्लता सतत बाहेर ढकलत असतो. त्याचं जगणंच त्यावर चालतं. हॉपचं कडू आम्ल बिअरच्या आंबट पाण्यातून त्याच्या स्निग्ध पडद्यात अलगद शिरतं, आत गेल्यावर आपल्याजवळचा हायड्रोजनचा कण सोडतं आणि परतताना मँगनीज घेऊन बाहेर पडतं. जिवाणू बाहेर ढकलतो आणि हॉप आत आणून ठेवतो. आम्लाच्या जोरावर जो इतरांना हटवतो, तो शेवटी आपल्याच आतल्या आम्लानं थंडावतो. शेजारी काम करणाऱ्या यीस्टला याची फारशी झळ लागत नाही. एका वेलाच्या फुलात इतकी नेमकी निवड असावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. इंग्लंडमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट उठली, त्यामुळे तिथं स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना दुकानातून तयार किट आणता येतो. साधारण १.७ किलोचा डबा, त्यात काकवीसारखा दाट जवाचा अर्क. पाणी आणि साखर घालून त्याची २३ लिटर बिअर होते. अर्क कारखान्यातच हॉपबरोबर उकळलेला असल्यानं कडवटपणा आणि जिवाणूंपासूनचं संरक्षण डब्यातच येतं. येत नाही तो वास. हॉपचं कडू आम्ल आपलं रूप बदलून पाण्यात नीट उतरायला तासभर उकळी लागते, आणि त्याच उकळीत सुगंधी तेलं वाफेबरोबर निघून जातात. ज्या आचेनं कडवटपणा मिळतो, तीच सुगंध घालवते. म्हणून हौशी माणूस आंबणं ओसरत आलं की पंचवीस-पन्नास ग्रॅम कोरडे हॉप थंड बिअरमध्येच टाकतो आणि दोन-तीन दिवस राहू देतो. कडवटपणा फारसा वाढत नाही, पण वास भरून येतो.

त्या वासातले घटक आपल्या चांगल्या ओळखीचे. लिनालूल म्हणजे धन्यांचा वास. मिर्सीन आंब्यात असतं. जेरॅनिऑल हे रोशा गवताच्या तेलातलं मुख्य द्रव्य. आणि यीस्ट अजून जागं असेल तर ते या जेरॅनिऑलपासून सिट्रोनेलॉल हे वेगळ्याच वासाचं द्रव्य घडवतं. म्हणजे पिंपातून जो सुगंध येतो, तो सगळाच फुलात नव्हता!

कोरडे हॉप घालण्याच्या या चालीचा आपल्या किनाऱ्याशीही संबंध आहे. सुएझ कालवा होण्याआधी लंडन आणि बर्टनची बिअर आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी मुंबई-कोलकात्याला पोचे. त्या पिंपांत निघतानाच जादा कोरडे हॉप घातलेले असत. ‘इंडिया पेल एल’ हे नाव त्यातूनच आलं.

किटवाल्यानं एक मात्र सांभाळावं. कोरड्या हॉपमध्ये थोडी विकरंही असतात. उकळीत ती निकामी होतात, थंड बिअरमध्ये शाबूत राहतात आणि यीस्टला न पचणाऱ्या मोठ्या शर्करा तोडून देतात. संपलेलं आंबणं पुन्हा सुरू होतं. ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी हे १८९३ सालीच नोंदवलं होतं. पुढं ते विस्मरणात गेलं आणि हॉपचा मारा असलेल्या बिअरी वाढल्यावर पुन्हा समोर आलं. घाईनं बाटल्या भरल्या तर आत वायू साठून त्या फुटू शकतात, म्हणून आंबणं खरंच थांबलंय याची खात्री करूनच बूच लावावं.

आणि जिवाणूही हातावर हात धरून बसलेले नाहीत. १९९७ साली जपानी संशोधकांना लॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिस या जिवाणूत ‘होर-ए’ नावाचं जनुक सापडलं. आत आलेलं हॉपचं आम्ल पकडून बाहेर फेकणारा पंप ते घडवतं. आता बिअरमध्ये लॅक्टिक जिवाणू आढळला की त्याच्यात हे जनुक आहे का, तेही तपासता येतं; असेल तर तो पिंप बिघडवण्याच्या तयारीनंच आलेला असण्याची शक्यता मोठी.