माळवदाखालची ऊब

पौषातल्या पहाटे कर्जत तालुक्यातील एखाद्या जुन्या धाब्याच्या घराच्या भिंतीला बाहेरून हात लावावा तर बोटे बधिर व्हावीत, आणि उंबरा ओलांडून तीच भिंत आतून चाचपावी तर कोमट लागावी, हा त्या मुलखातील नित्याचा अनुभव असला, तरी त्यामागील पदार्थविज्ञान बारकाईने पाहण्याजोगे आहे. ढोबळ हिशेबाने मातीच्या दर १२ सेंटिमीटर जाडीमागे दिवसरात्रीच्या तापमानाचा चढउतार एकतृतीयांशाच्या आसपास येतो आणि उष्णतेच्या लाटेस पावणेचार तासांचा विलंब लागतो. त्यामुळे दीड फुटी भिंतीच्या आतील अंगास तो चढउतार जवळजवळ जाणवतच नाही. फूटभर जाडीच्या माळवदातून मात्र दुपारी तीनचे ऊन क्षीण होत होत मध्यरात्रीनंतर, ऐन कडाक्याच्या प्रहरी, घरात उतरते.

दिवसाचे ऊन रात्रीसाठी साठवण्याची ही युक्ती रशियाच्या ग्रामीण भागातील लाकडी घरास मात्र उपयोगी पडली नसती. ओनेगा सरोवरातील किझी बेटावरच्या संग्रहालयात १८७६ सालचे ओशेवनेव कुटुंबाचे घर जतन केलेले आहे. तेथे माणसे, गुरे आणि चारा एकाच छपराखाली नांदत. त्या प्रदेशात थंडी महिनोन्‌महिने हटत नाही, साठवून रात्री वापरावे असे ऊन हिवाळ्यात नाहीच, म्हणून भट्टीची ऊब कोंडून धरणे एवढाच उपाय उरतो. आणि आडव्या ओंडक्यांच्या, फटींत शेवाळ ठासलेल्या भिंती ते काम चोख बजावतात, कारण लाकूड मातीच्या मानाने कितीतरी मंद उष्णतावाहक आहे.

कर्जतच्या माळांवर असे सरळसोट ओंडके कोठून यावेत? काळविटांसाठी १९८० साली राखून ठेवलेल्या रेहेकुरीच्या अभयारण्यात हिंडले, म्हणजे गवत आणि बाभळी हेच या भूमीचे मूळचे धन असल्याची खात्री पटते. म्हणून येथे लाकडाचा खर्च खांब, तुळया आणि कडीपाट यांपुरताच; बाकीचे ओझे मातीने पेलायचे. पाऊसही बेताचा असल्याने सपाट छप्पर चालून जाते. त्यावर खारी माती पसरतात, कारण तीतील सोडियममुळे चिकणमातीचे कण विखुरून सूक्ष्म रंध्रे बुजतात आणि पाणी सहसा झिरपत नाही.

या गुणांबरोबर एक भयंकर दोषही आहे. फूटभर मातीचा भार चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरतो, आणि दरवर्षी जुना थर न खरवडता नवा चढविल्यास तो वाढतच जातो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि असली जड छपरे यांखाली हजारो जीव गेले. तरीही पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या असता खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, ही गोष्ट जीर्णोद्धार करणाराने विसरता कामा नये.

शेजारच्या जामखेड तालुक्यात, चोंडी येथे, १७२५ साली जेथे अहिल्यादेवींचा जन्म झाला त्या शिंद्यांच्या वाड्याचे जतन झाले, हे उचितच झाले. साध्या शेतकऱ्याच्या माळवदाची मात्र कोणत्याही दप्तरी तजवीज नाही. ते उतरवून त्या जागी पाच इंची स्लॅब पडतो, आणि त्यातून दुपारचे ऊन तीनचार तासांत, तेही निम्म्याच्या आसपास जोर राखून, दिवेलागणीलाच घरात शिरते. वास्तविक कुजलेल्या तुळया बदलून, मातीचा थर फुटापुरता राखून, खांब-तुळयांचे सांधे लोखंडी पट्ट्यांनी आवळून घेतले, तर यांतील बरीच घरे आजही राहण्याजोगी होतील.