वतन गेलं, शर्त राहिली

महारांना गावाची जमीन होती, मग तक्रार कसली, असं आजही कुणी ना कुणी विचारतं. ती वतनाची जमीन गावच्या कोणत्या चाकरीच्या बदल्यात होती, ते पाहावं. सरकारी टपाल पोचवायचं, वसुलीची रक्कम तालुक्याला न्यायची, मेलेलं जनावर ओढायचं, कुणाच्या घरी मयत झाली की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा द्यायचा. ना वेळ ठरलेली, ना पगार. कर्ता घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणी जायचं. पदरात पडायचा तो भाऊबंदांत वाटून उरलेला जमिनीचा तुकडा आणि बलुतं, तेही गावाची मर्जी असेल तर. शंकरराव खरातांच्या ‘तराळ अंतराळ’ या आत्मकथनात हे जगणं आतून दिसतं.

शाहू महाराजांनी 1918 मध्ये कोल्हापूर संस्थानात हे वतन मोडलं आणि जमिनी रयतावा केल्या, म्हणजे चाकरीऐवजी सारा भरून ठेवता येतील अशा. ब्रिटिश मुलखात मात्र 1874 चा वतन कायदा तसाच होता. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात त्यात दुरुस्तीचं बिल आणलं. वतनदाराने पूर्ण सारा भरून चाकरीतून सुटावं आणि बलुत्याऐवजी रोख मिळावी, हा त्याचा गाभा. फुकटचा नोकर सोडायला सरकार तयार नव्हतं, गाव तर नव्हतंच. खुद्द महारांतही धाकधूक होती, आणि मला ती समजते. दुसरा आधार नसताना हातचा तुकडा कोण पणाला लावेल? बिल शेवटी मागे घ्यावं लागलं. पुढे याच प्रश्नावर 1939 ला हरेगाव, 1941 ला सिन्नर अशा परिषदा भरल्या. सिन्नरला तर वतन जमिनींवरच्या वाढीव करालाच विरोध होता.

महार वतनासह कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा 1958 चा, अंमल 1 ऑगस्ट 1959 पासून. चाकरी कायद्याने संपली. जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून वतनदारांना परत मिळाल्या, पण नवीन शर्तीवर. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-2’. विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा. सावकाराने जमीन गिळू नये, हा हेतू रास्तच होता. पण परवानगीच्या खेट्यांना कंटाळलेला वारस कुलमुखत्यारपत्रावर सही करून मोकळा व्हायचा आणि व्यवहार तिसऱ्याच्याच हाती जायचा. शहरं पसरली तशा अशा जमिनी सोन्याच्या झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या वारसनोंदी राहिलेल्या, त्यामुळे सह्या कुणाच्या आणि पैसे कुणाला, यावरचे दावे महसूल कचेऱ्यांत अजून चालूच आहेत.