माथेरानच्या ‘बार हाउस’चा दुसरा जन्म

लोणावळा-खंडाळ्यात जुना बंगला शोधायचा, तर आता रिसॉर्ट आणि इमारतींच्या गर्दीतून वाट काढावी लागते. बोरघाट उतरून नेरळमार्गे माथेरान गाठणाऱ्याला मात्र दीडशे वर्षांहून जुन्या घराच्या व्हरांड्यात आजही मुक्काम करता येतो. शार्लोट तलावाजवळच्या झाडीतले हे ‘बार हाउस’. नावावरून मद्यालयाची आठवण होण्याचे कारण नाही. हा बार म्हणजे कॅप्टन हेन्री बार.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौक गावाहून हा डोंगर चढले. डोंगरावरचे पहिले घर त्यांचेच. त्यामागोमाग जी मोजकी घरे उभी राहिली, त्यांत बार यांचे १८५२ चे घर होते. मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली १८५३ मध्ये, नेरळपर्यंत रूळ पोहोचले १८५६ मध्ये आणि माथेरानची छोटी गाडी धावली ती १९०७ साली. तोवर चढण पायी, घोड्यावर किंवा पालखीतून. एवढ्या खटाटोपाने बांधलेल्या घराचा उपयोग मात्र उन्हाळ्यापुरता.

इथेच अशा बंगल्यांचे दुखणे आहे. माथेरानचा पाऊस लाकूड आणि कौले यांना सोडत नाही. बंद घर त्यापुढे फार काळ टिकत नाही, आणि इंग्रज गेल्यावर ही निगा कोणी राखायची, हा प्रश्नच होता. राजस्थानातील किल्ल्याचे हॉटेल करून नावारूपाला आलेल्या नीमराणा समूहाने बार हाउस ‘द व्हरांडा इन द फॉरेस्ट’ या नावाने पाहुण्यांसाठी खुले केले. मोडतोड करून खोल्या वाढवण्याऐवजी लांबरुंद व्हरांडा हेच आकर्षण ठरवले, हा निर्णय शहाणपणाचा. पुढे व्यवस्थापन बदलले आणि नावात ‘बार हाउस’ पुन्हा आले.

साहेबाचे खासगी घर पैसे मोजणाऱ्या कोणालाही उघडे झाले, हा बदल लहान नव्हे. खोलीभाडे सर्वांना परवडणारे नसते, हेही खरे. पण त्याच भाड्यातून छत शाकारले जाते.

फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केला. त्यामुळे नव्या बांधकामावर निर्बंध आले आणि जुन्या भिंतींचे मोल वाढले. खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. दुरुस्तीचे सामान त्यापुढे घोड्यावरून किंवा हातगाडीवरून, तांबड्या मातीच्या रस्त्याने न्यावे लागत आले आहे.