कारखान्यांच्या शेजारी घर घेताना
ठाण्यात रेमंडची गिरणी बंद पडली आणि त्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. डोंबिवलीत मात्र एमआयडीसीच्या निवासी भागालगत रासायनिक कारखाने अजून सुरू आहेत. 26 मे 2016 ला प्रोबेस आणि 23 मे 2024 ला अमुदान कंपनीत स्फोट झाला. माणसं दगावली, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. फ्लॅट बघायला रात्रीही जा, खिडकी उघडून वास घ्या. एमआयडीसीची जमीन बहुधा 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते. किती वर्षं उरलीत, ते विचारा. नुसत्या महारेरा क्रमांकावर विसंबू नका. डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींनी तो बनावट परवानग्या दाखवून मिळवला होता, आणि उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. बांधकाम परवानगीची प्रत महापालिकेत किंवा एमआयडीसीत नेऊन स्वतः पडताळून घ्या.