5 मिलिमीटर आणि 15 कोटी मुलं

अंगणवाडीत एक रंगीत पट्टी असते. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती बाळाच्या डाव्या दंडाला गुंडाळायची आणि माप कोणत्या रंगावर येतं ते पाहायचं. 6 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, की पट्टी लाल दाखवते. लाल म्हणजे तीव्र कुपोषण. पूर्वी ही लाल रेषा 11 सेंटिमीटरवर होती. 2009 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ती 5 मिलिमीटरने वर सरकवली. 5 मिलिमीटर म्हणजे तुरीच्या एका दाण्याएवढी जागा. पण 11.2 सेंटिमीटर दंडाचं जे बाळ जुन्या पट्टीवर लालमध्ये येत नव्हतं, ते नव्या पट्टीवर आलं. बाळ तेच, दंड तोच. बदलला तो फक्त त्याला उपचार मिळावेत की नाही याचा निर्णय.

ही रेषा कुठे ओढायची, हे ठरवायला मुलं कशी वाढतात ते आधी माहीत असावं लागतं. आणि मुलाची वाढ ही कल्पनेला झेपणारी गोष्ट नाही.

आईच्या पोटातलं बीजांड सुमारे एक दशांश मिलिमीटरचं असतं. ढोबळ हिशेब केला तर त्याचं वजन एका मिलिग्रॅमच्या दोन हजाराव्या भागाइतकं निघतं. 9 महिन्यांनी हातात येतं ते 3 किलोचं बाळ, म्हणजे जवळजवळ 600 कोटी पट. त्यानंतर उरलेल्या सबंध आयुष्यात, 60 किलोचा माणूस होईपर्यंत, आपण फक्त 20 पट वाढतो. पहिल्या वाढदिवसापर्यंत वजन तिप्पट होतं. हाच वेग टिकला असता तर पाचव्या वाढदिवसाला पोर 729 किलोचं भरलं असतं. उंचीचंही तसंच. पहिल्या वर्षात सुमारे 25 सेंटिमीटर, दुसऱ्या वर्षात साधारण 12, आणि शाळेच्या वयात वर्षाला जेमतेम 5-6. जन्मताना मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पाव हिश्शाएवढा असलेला मेंदू 2 वर्षांत पाऊण हिश्शाच्या पुढे जातो. चार-पाच वर्षांचं मूल नुसतं पडून असतं, तेव्हाही शरीर वापरत असलेल्या ऊर्जेतला दोन तृतीयांश वाटा त्याचा मेंदू घेतो. आपल्या मेंदूला पाचवा हिस्सा पुरतो.

पोटातले 270 दिवस, पहिल्या वर्षाचे 365 आणि दुसऱ्याचे 365. बेरीज बरोबर 1000. आरोग्य खात्याच्या भिंतींवर दिसणारे 'पहिले हजार दिवस' ते हेच. पण त्यांचं महत्त्व कळायला फूटपट्टी आधी नीट हवी होती, आणि बराच काळ ती नीट नव्हती.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगभरची बाळं ज्या तक्त्यावर मोजली जात, त्यातला तान्ह्यांचा भाग अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मोजलेल्या मुलांवर उभा होता. ही मुलं एकाच समाजाची, बहुतेक बाटलीच्या दुधावर वाढलेली आणि तीन-तीन महिन्यांच्या अंतराने मोजलेली. अंगावर पिणारं बाळ पहिले काही महिने झपाट्याने वाढतं आणि मग जरा संथ होतं. जुन्या तक्त्यावर हा निसर्गक्रमच वाढ मंदावल्यासारखा दिसे. दूध पुरत नाही, वरचं सुरू करा, हा सल्ला किती आयांना केवळ त्या रेषेमुळे मिळाला असेल, याचा विचार केला की मन अस्वस्थ होतं.

मग 1997 ते 2003 या काळात जागतिक आरोग्य संघटनेने सहा ठिकाणी नव्याने मोजणी केली: ब्राझीलमधलं पेलोतास, घानाची राजधानी अक्रा, नॉर्वेतलं ओस्लो, ओमानचं मस्कत, अमेरिकेतलं डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली. घरची परिस्थिती बरी असलेली, आईचं दूध पिणारी, आई धूम्रपान न करणारी अशी बाळं निवडली. एकूण 8440 मुलं. त्यांतल्या जन्मापासून 2 वर्षांपर्यंत पाठपुरावा केलेल्या आणि सगळे नियम पाळले गेलेल्या मुलांची संख्या होती 882. पहिल्या दोन वर्षांत प्रत्येक घरी 21 भेटी. प्रत्येक वेळी दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचं, आणि दोघांच्या लांबीत 7 मिलिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजायचं.

या 882 बाळांच्या मोजमापांतून 2006 साली पहिल्या दोन वर्षांचा जो आलेख निघाला, तो पाच वर्षांत सव्वाशे देशांनी स्वीकारला. एका मध्यम शाळेतल्या पटाएवढी ही संख्या, आणि तिच्याशी ताडून आज जगभरची दोन वर्षांखालची मुलं पाहिली जातात. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो त्या अभ्यासातला एक छोटा निष्कर्ष. मुलांच्या लांबीत जो काही फरक दिसला, त्यातला जेमतेम 3 टक्के गावागावांतला होता. एकाच गावातल्या मुलामुलांमधला फरक 70 टक्के. पोटभर अन्न आणि स्वच्छ पाणी मिळालेलं दिल्लीचं पोर ओस्लोच्या पोरासारखंच वाढतं. 'आपली मुलं मुळात लहानच चणीची' हे आपण किती सहज म्हणतो! निदान पहिल्या पाच वर्षांपुरतं तरी हे वाक्य आता तोंडी येऊ नये.

फूटपट्टी बदलली की आकडे कसे हलतात ते आपल्याकडेच दिसलं. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीन वर्षांखालची खुजी मुलं जुन्या तक्त्यावर 38 टक्के भरली होती. तीच मुलं, तीच मापं नव्या तक्त्यावर ठेवली तर 45 टक्के. कमी वजनाची मात्र 46 वरून 40 वर आली. एकाही मुलाला पुन्हा न मोजता प्रश्नाचा चेहरा बदलला. उपाशी, हडकुळं मूल डोळ्यांना दिसतं. वयाच्या मानाने बुटकं राहिलेलं मूल धडधाकट वाटतं आणि नजरेतून सुटतं. नव्या तक्त्याने त्याला पुढे आणलं.

2010 मध्ये ब्राझीलचे सेझार व्हिक्टोरा आणि त्यांचे सहकारी यांनी 54 देशांची आकडेवारी या नव्या तक्त्यावर मांडली. वयाच्या मानाने उंचीची घसरण जन्मानंतर लगेच सुरू होते आणि 2 वर्षांपर्यंत वेगाने चालू राहते, हे त्यात लख्ख दिसलं. मग तीन वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत खिचडी देणं चांगलं असलं, तरी ते उशिरा पोहोचणं ठरतं. महाराष्ट्रात 2005 साली सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ मिशनने पुढे भर दिला तो या दोन वर्षांखालच्या मुलांवर आणि त्यांच्या आयांवर. या वयोगटातलं खुजेपण 2005-06 च्या 39 टक्क्यांवरून 2012 च्या पाहणीत 23 टक्क्यांवर आल्याचं युनिसेफने जगाला सांगितलं. आनंद वाटावा अशीच गोष्ट होती. पण 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुजी आणि 25.6 टक्के लुकडी निघाली. वयोगट वेगळा, पाहणी वेगळी, म्हणून हे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येणार नाही. तरीही प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात चारातलं एक मूल उंचीच्या मानाने हडकलेलं असावं, हे मला सहन होत नाही.

पोटातल्या दिवसांचा हिशेब पुण्याने मांडला. 1993 पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळाचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळाचं 3.5 किलो. आपलं बाळ पोटाला, दंडाला बारीक. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. याज्ञिकांनी स्वतःचा आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय 22.3, शरीरातली चरबी इंग्रज सहकाऱ्याची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आशियाई लोकांसाठी धोक्याची सुरुवात 25 ऐवजी 23 वर धरावी, असं 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सुचवलं, ते अशाच पुराव्यांवरून. 2 अंकांचा फरक, पण 2023 मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार ज्या देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे, तिथे किती कोटी लोकांना तो वेळीच तपासणीला पाठवतो!

जगात आज सुमारे 15 कोटी मुलं खुजी मोजली जातात. या आकड्याच्या तळाशी रोज नेमकं काय घडतं? 2 वर्षांखालच्या बाळाला लाकडी पाटावर आडवं निजवतात. एकीने डोकं पाटाला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच दाबून तळव्याला सरकती फळी लावायची. बाळ रडतं, पाय आखडतं. 2 वर्षांवरच्याला उभं करून मोजायचं. उभं मोजलं की तेच मूल 0.7 सेंटिमीटरने कमी भरतं, म्हणून दोन्हींचे तक्ते वेगळे. दोन वर्षांच्या मुलाची रेषा 81 सेंटिमीटरवर, मुलीची 79.3 वर. एका वर्षात आपल्या देशात 2 कोटींहून जास्त मुलं जन्मतात. दोन वर्षांच्या या सगळ्या मुलांच्या मापात एकाच दिशेने 1 सेंटिमीटरची चूक झाली, तर माझ्या ढोबळ हिशेबाने शंभरातली आठ-नऊ रेषेच्या या बाजूची त्या बाजूला जातील. म्हणजे किमान 15 लाख मुलं.

देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. आडव्या बाळाला मोजायला दोघी लागतात. सेविका डोकं धरते तेव्हा मदतनीस बहुधा चुलीपाशी असते, आणि मग बाळाचे गुडघे त्याची आईच दाबून धरते.